घरातल्या गोळ्यांचा हिशेब : रक्ततपासणी, पायथन आणि चार माणसं

८ जून २०२५

स्वयंपाकघरातलं वरचं कपाट आज रिकामं केलं. अकरा डबे-बाटल्या निघाल्या. दोन वेगवेगळ्या मल्टिव्हिटॅमिन, दोन कंपन्यांचं कॅल्शियम, नसांसाठीची बी-कॉम्प्लेक्सची पाकिटं, ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची सॅशे, लोहाच्या गोळ्या, माझ्या केसांच्या गोळ्या, ओमेगा, प्रोटीन पावडर आणि आईंचं (सासूबाईंचं) चूर्ण. गेल्या तीन महिन्यांच्या बिलांची सरासरी काढली तर महिन्याला ३,१४० रुपये होतात. कोण काय आणि कशासाठी घेतं ते चौघांपैकी एकालाही नीट सांगता आलं नाही.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे प्लेटिंगच्या टाकीत मूठभर मीठ टाकायचं तरी आधी टायट्रेशन (द्रावणात काय किती आहे ते मोजायची चाचणी) करतात. घरात मात्र कोणीतरी सांगितलं, जाहिरात पाहिली, की डबा आणायचा. म्हणून हा उद्योग सुरू केला : चौघांची रक्ततपासणी, आकडे एका फाइलमध्ये, आणि काय लागतं-काय लागत नाही याची यादी. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं. त्यांची अट एकच, "यादी करा, पण गोळी चालू-बंद मला विचारून." ती अट मी फाइलच्या पहिल्या ओळीतच लिहिली आहे. कोणी हे करून बघणार असेल तर त्यानेही तिथेच लिहावी.

११ जून

तीन संध्याकाळी फक्त लेबलं वाचण्यात गेल्या. माझा अंदाज अर्ध्या तासाचा होता.

घोडं पेंड खातं ते एककांपाशी. डीच्या एका डब्यावर युनिट, दुसऱ्यावर मायक्रोग्रॅम (१ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट). कॅल्शियमच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत १,२५० मिलिग्रॅम, पण ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. मी आधी सरळ १,२५० भरलं आणि आईंची रोजची बेरीज अडीच ग्रॅमवर गेली. दुरुस्त केल्यावर ती १,००० झाली, म्हणजे प्रौढांसाठी दिवसभराची जी शिफारस आहे तेवढी नुसत्या गोळ्यांतूनच, दूध आणि नाचणी वेगळी. शिवाय त्यांच्या तीन डब्यांत बी६ निघालं. हे जीवनसत्त्व फार दिवस जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानेच पायांना मुंग्या येऊ शकतात, आणि आई नसांची गोळी घेतात ती मुंग्यांसाठीच.

ह्यांच्या सॅशेची चिठ्ठी सापडली. आठवड्याला एक, आठ आठवडे, तारीख मार्च २०२४ची. हे अजून दर रविवारी घेतात. "मेडिकलवाला देतो की," म्हणाले.

१५ जून

पहिलं सॅम्पलिंग. पाण्यात गेलं म्हणायला हरकत नाही.

लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त नेणार होता, सकाळी सातला. आला पावणेनऊला. तोवर ह्यांचा चहा आणि दोन खारी झाली होती. डी आणि बी१२ला उपास लागत नाही, पण शुगर आणि ट्रायग्लिसराइड्सचे आकडे गेले. मग तो पिशवी घेऊन द्वारका चौकामार्गे नाशिकरोडला पुढची तीन घरं करायला गेला. आईंच्या रिपोर्टात पोटॅशियम ५.९ आलं, खाली बारीक अक्षरांत 'नमुना हिमोलाइज्ड'. रक्तातल्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं, बाकी काही नाही. पण ही बारीक ओळ मी दुसऱ्या दिवशी वाचली. तोपर्यंत आईंचं केळं बंद करून झालं होतं.

पुन्हा तपासणी २५० रुपये, आकडा ४.४. आता आम्ही स्वतःच लॅबमध्ये जाऊन बसतो, सकाळी साडेसातला. लॅब निवडताना एनएबीएलची (लॅब तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) मान्यता बघितली होती. ती महत्त्वाची आहेच, पण ती मशिनपर्यंतची. सुईपासून मशिनपर्यंतचा दीड-दोन तासांचा प्रवास आपणच बघायचा.

चौघांचे मिळून पहिल्या फेरीचे ८,८०० रुपये.

१७ ते २१ जून

रिपोर्ट पीडीएफमध्ये. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पीडीएफप्लंबर वापरून तक्ते उचलले आणि पांडाजमध्ये (तक्त्यांवर काम करायचं साधन) टाकले. पाच रात्री गेल्या. यात जे चुकलं ते क्रमाने लिहिते, कारण दुसऱ्या कोणाचंही इथेच चुकेल.

तक्ता एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला की पहिली ओळ हरवते. माझं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) असंच दोन दिवस गायब होतं.

लेकीचा २०२२चा जुना रिपोर्ट दुसऱ्या शहरातल्या लॅबचा. त्यात डी ४८. फाइलने हिरवा रंग दिला. एकक मात्र नॅनोमोल प्रति लिटर होतं. अडीचने भागलं की आपल्या नेहमीच्या एककात १९, म्हणजे कमी. तेव्हापासून एककाचा रकाना रिकामा असेल तर प्रोग्रॅम पुढे जातच नाही.

तारखा : ०६/०७ ही सात जून की सहा जुलै? जुन्या रिपोर्टांपैकी दोन उलटे वाचले गेले होते.

आणि सगळ्यात लाजिरवाणी चूक. आईंच्या बी१२पुढे आकडा नव्हता, '>२०००', म्हणजे २,०००हून जास्त, असं होतं. पांडाजला ते चिन्ह कळलं नाही, त्याने जागा रिकामी ठेवली. रिकाम्या जागी शून्य भरायची ओळ मीच लिहिलेली. शून्य म्हणजे लाल रंग, 'तीव्र कमतरता, इंजेक्शन विचारा'. ज्या बाईचं बी१२ मशिनच्या वरच्या टोकाला टेकलंय तिला मी इंजेक्शन सुचवत होते. बरं, तो आकडाही तसा बिनकामाचाच, कारण आदल्याच आठवड्यात त्यांना बी१२चं इंजेक्शन दिलेलं होतं. आता चिन्हाला वेगळा रकाना, आकड्याला वेगळा, आणि रिकामं ते रिकामंच. शून्य भरायचं नाही, कुठेही नाही.

२४ जून

माझा रिपोर्ट फाइलमध्ये घातला. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) ०.०८. सामान्य पातळी साधारण ०.४ ते ४च्या दरम्यान धरतात, त्याच्या कितीतरी खाली. फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, हद्दीच्या वर. थायरॉइड जोरात पळतंय असा अर्थ. व्हिटॅमिन डी मात्र ६१, झकास. फेरिटिन ६.

दोन रात्री झोप नाही. छातीत धडधडतंय असं वाटायला लागलं. नाडी मोजली तर ७२.

२६ जून

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, माझा हात पुढे करायला लावला, बोटं थरथरतात का पाहिलं. मग विचारलं, "केसांसाठी काही घेता का?"

घेते. आठ महिने. बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम, रोज सकाळी. रक्त द्यायच्या दिवशीही उठल्याउठल्या पाण्याबरोबर घेतली होती. उपाशी राहायचं म्हणजे जेवायचं नाही, गोळीचं कोण सांगतं?

प्रकार असा आहे. पुष्कळ हार्मोन आणि व्हिटॅमिन तपासण्यांत मशिन बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीचा चिकट सापळा म्हणून उपयोग करतं. रक्तातच बायोटिन ओसंडून वाहत असेल तर ते सापळ्याच्या जागा आधीच अडवून बसतं. टीएसएच, फेरिटिन यांसारख्या तपासण्यांची पद्धत अशी की त्यात आकडा खोटा खाली येतो. टी४, डी, बी१२ यांत तो खोटा वर जातो. अमेरिकेच्या एफडीएने यावर २०१७मध्येच इशारा दिला होता. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, मी तीनशेपट घेत होते.

गोळी बंद. चार दिवस थांबून, ३० जूनला, पुन्हा रक्त दिलं (१,४५० रुपये). टीएसएच २.६. फ्री टी४ मधोमध. फेरिटिन ११. आणि डी १७.

म्हणजे जो आजार दिसत होता तो नव्हता, आणि जी कमतरता होती ती दिसत नव्हती. माझ्या प्रोग्रॅमने दोन्ही वेळा अगदी बरोबर गणित केलं होतं. फाइलमध्ये आता पहिला रकाना रक्ताचा नाही, 'गेल्या ७२ तासांत काय काय घेतलं' हा आहे. तो भरल्याशिवाय बाकीचे रकाने उघडत नाहीत.

केसांचं म्हणाल तर आठ महिन्यांत फरक पडला नव्हता. फेरिटिन ११ असताना बायोटिनने तो पडणार तरी कसा होता?

६ जुलै, आषाढी एकादशी

लेक सतरा वर्षांची. हिमोग्लोबिन ११.४. माझा नियम साधा होता : मुलगी किंवा बाई, १२च्या खाली, तर लोह. फाइलने तेच छापलं. आधीच दोन वर्षं अधूनमधून लोहाचे कोर्स झालेत. प्रत्येक वेळी पोट बिघडतं आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. 'ही गोळ्या टाकून देते' असा आमचा सगळ्यांचा समज, त्यावरून तिने बोलणीही खाल्ली आहेत.

आज उपासामुळे स्वयंपाक कमी होता, म्हणून रिपोर्टाच्या बाकीच्या ओळी नीट बघितल्या. एमसीव्ही ६६, म्हणजे पेशी फार लहान. लाल पेशींची संख्या ५.६ दशलक्ष, म्हणजे भरपूर. फेरिटिन ६४, म्हणजे लोहाचा साठा ठीक. लोह कमी असतं तेव्हा पेशी लहान होतात तशा कमीही होतात. इथे लहान आहेत आणि जास्त आहेत. एमसीव्हीला संख्येने भागायचं, १३च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनमधला सौम्य आनुवंशिक दोष) शंका घ्यायची, अशी एक जुनी खूण आहे. ६६ भागिले ५.६, ११.८.

डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी एचपीएलसी तपासणी सांगितली. आमच्या दोघांचीही.

१२ जुलै

लेकीचं एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.१ टक्के. साधारण साडेतीनच्या वर गेलं की थॅलेसेमिया मायनर धरतात. ह्यांचंही वर, माझं नॉर्मल. तिघांचे २,५५० रुपये.

हा आजार नाही, वारशाने आलेला गुण आहे. तिला लोहाची गरज नाही, जोवर फेरिटिन कमी येत नाही तोवर. दोन वर्षांच्या गोळ्या वाया, आणि बोलणी वेगळीच. मी तिला सॉरी म्हटलं. तिने "ठीक आहे" म्हटलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. संध्याकाळी मात्र स्वतःहून विचारलं, "मग मी दमते का?" याचं उत्तर फाइलमध्ये नव्हतं. झोप साडेपाच तास आहे हे तिच्या घड्याळात होतं.

आईंनी लगेच लग्नाचा विषय काढला. "आता हे कोणाला सांगायचं नाही." डॉक्टरांकडे त्यांनाही घेऊन गेले. त्यांनी समजावलं की सांगायचंच, आणि होणाऱ्या नवऱ्याची ही एक तपासणी करायची. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल मेजर, म्हणजे गंभीर आजाराचं, होण्याची शक्यता चारात एक असते. एकच असेल तर तसा धोका नाही. "तुमच्या मुलालाही आहे, पन्नाशीला आले, कळलं का कधी?" आई गप्प झाल्या. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "म्हणजे हे आमच्याकडून आलं की काय?" मी बाहेर बघत राहिले.

नियम बदलला. हिमोग्लोबिन कमी असेल तर एमसीव्ही, पेशींची संख्या, फेरिटिन आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारा आकडा) हे चारही असल्याशिवाय 'लोह' हा शब्द छापायचा नाही.

२० जुलै

आईंची पाळी. वय ७१, शाकाहारी, अकरा वर्षं मेटफॉर्मिन, चार वर्षं थायरॉइडची गोळी.

मेटफॉर्मिनने बी१२ हळूहळू उतरतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार होते. मग २०२३च्या फाइलमध्ये बी१२ १६८चा रिपोर्ट आणि त्यावर डॉक्टरांनी काढलेला गोल सापडला. सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं. पायांच्या मुंग्या सगळ्यांनी शुगरच्या खात्यावर टाकल्या. आता इंजेक्शनांचा कोर्स डॉक्टरांच्या हिशेबाने. बी६ असलेल्या तीनपैकी दोन गोळ्या बंद, बी६ची बेरीज खाली आली.

फेरिटिन ११८, पण सीआरपी ३४. गुडघा सुजलेला होता. अंगात सूज असली की फेरिटिन तिच्यामुळेच चढतं. सूज उतरल्यावर दोन्ही पुन्हा केलं (९५० रुपये) : सीआरपी २, फेरिटिन ४१. हेही ठीकच, पण पहिला आकडा बघून 'साठा भरपूर' म्हणणं चूक ठरलं असतं.

खरी गोष्ट टीएसएचची. ८.९. गोळीचा डोस वाढवायचं ठरत होतं. मी वेळापत्रकाचा रकाना भरायला आईंना विचारलं, "सकाळी कधी काय घेता, क्रमाने सांगा." सहाला थायरॉइडची गोळी. आणि? "आणि त्याच्याबरोबरच कॅल्शियम, म्हणजे विसरायला नको." चार वर्षं! कॅल्शियम त्या गोळीला आतड्यात धरून ठेवतं. दोघांत चार तासांचं अंतर लागतं. डॉक्टर म्हणाले, डोस आहे तोच ठेवू, कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर हलवा, आणि रोज दोनऐवजी एकच. आठ-दहा आठवड्यांनी बघू.

इथे कॉम्प्युटरचं काम शून्य. वहीवरही सापडलं असतं.

३ ऑगस्ट

मध्येच एक प्रयोग. एका ॲपमध्ये रिपोर्ट टाकला की 'खास तुमच्यासाठी' पुड्या तयार होऊन येतात. मी मुद्दाम माझा बायोटिनवाला खोटा रिपोर्ट टाकला. डी उत्तम असल्याबद्दल अभिनंदन, थायरॉइडसाठी एक मिश्रण, लोह, आणि 'केस व नखांसाठी' पुन्हा बायोटिन. कोणती औषधं चालू आहेत हा प्रश्न आलाच नाही. १,९९९ रुपये. पुड्यांवर माझं नाव सुंदर छापलंय, तेवढंच काय ते खास.

माझी फाइल जूनमध्ये याहून वेगळं काही करत नव्हती, हेही लिहून ठेवते.

१० ऑगस्ट

क्वालिटीवाल्यांची खोड. एकाच सकाळी, एकाच तासात, दोन लॅबमध्ये रक्त दिलं (जास्तीचे १,१०० रुपये). अजून डीचा कोर्स सुरू केला नव्हता. एकीकडे १७, दुसरीकडे २१.५. एक म्हणते कमतरता, दुसरी म्हणते काठावर. बाई तीच.

कारखान्यात एकच पार्ट दोन जणांनी दोन मायक्रोमीटरनी मोजला तर येणारा फरक आम्ही आधी काढतो, मग पार्टला नावं ठेवतो. इथेही तेच. मशिनचा चढउतार आणि शरीराचा रोजचा चढउतार मिळून १० टक्के धरला तर दोन आकड्यांत साधारण २८ टक्क्यांहून कमी फरक असेल तेव्हा 'बदल झाला' म्हणता येत नाही. फाइलमध्ये ३० टक्क्यांची रेघ घातली. त्याखालचा फरक राखाडी दिसतो, त्यावर चर्चा नाही. आणि लॅब बदलली की आलेख नवा. घरातले अर्धे वाद या एका रेघेने संपले.

१७ ऑगस्ट

माझा कोर्स चालू : डी आठवड्याला ६०,०००, आठच आठवडे, शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने. ह्यांच्यासारखं व्हायला नको. त्यांचं डी ११२ आलं होतं. कॅल्शियम नशिबाने हद्दीत आहे. सॅशे त्याच दिवशी बंद केलं.

लोह एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, सकाळी अकराला, चहापासून लांब. रोज घेतलं तर आदल्या दिवशीच्या गोळीने शरीरात हेप्सिडिन नावाचं लोह अडवणारं हार्मोन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं लोह कमी शोषलं जातं, म्हणून एक दिवस सोडून. पोटालाही बरं.

७ सप्टेंबर

गणपतीत सगळं कोलमडलं. दहा दिवस पाहुणे. मोबाइलच्या आठवणी वाजत होत्या आणि कोणीतरी त्या बंद करत होतं. माझे लोहाचे तीन दिवस चुकले, आईंचं कॅल्शियम पुन्हा सकाळच्या चहाशेजारी येऊन बसलेलं मी दोनदा पकडलं. आठवण देणारा प्रोग्रॅम लिहायला दोन रविवार घालवले होते, तो काढून टाकला. रविवार कारंजाच्या बाजारातून वारांचे कप्पे असलेले दोन डबे आणले, १२० रुपयांना. आईंचा थायरॉइडचा डबा देवघराजवळ, कॅल्शियमचा जेवणाच्या टेबलावर. दोन खोल्यांचं अंतर ठेवल्यावर चार तासांचं अंतर आपोआप पडलं.

५ ऑक्टोबर

फेरतपासणी २८ सप्टेंबरला केली, त्याच लॅबमध्ये, साडेसातला, ७२ तासांचा रकाना भरून (४,३०० रुपये, फक्त लागतं तेवढंच).

आईंचं टीएसएच ४.३, डोस न वाढवता. मुंग्या 'थोड्या कमी' म्हणतात, त्याला आकडा नाही. ह्यांचं डी ७१वर उतरलं, अजून काही द्यायचं नाही. माझं डी ३१. कोर्स अजून एक आठवडा आहे. फेरिटिन ११वरून १९, तीस टक्क्यांच्या रेघेच्या वर, म्हणून खरा बदल धरला. लेकीचं काही केलंच नाही, तिला सुई टोचायचं कारण नव्हतं.

हिशेब : पहिली फेरी ८,८००, माझी फेरतपासणी १,४५०, पोटॅशियम २५०, एचपीएलसी २,५५०, सीआरपी-फेरिटिन ९५०, दुसरी लॅब १,१००, पुड्या १,९९९, सप्टेंबर ४,३००. एकूण २१,३९९. कपाटात अकराचे पाच डबे राहिले, महिन्याचा खर्च ६९० रुपयांवर आला. म्हणजे महिन्याला २,४५० वाचतात, खर्च भरून यायला साधारण नऊ महिने. पुड्या, दुसरी लॅब आणि पोटॅशियम वगळलं असतं तर सव्वासात महिन्यांत आलं असतं. वेळ मोजला नाही, पण रात्री धरून शंभरेक तास गेले असावेत. त्यातले बरेच पीडीएफ वाचण्यात. पुन्हा केलं तर चार माणसांचे आकडे हाताने टाइप करीन, दोन तासांत होतील.

९ नोव्हेंबर

शेजारच्या वहिनींनी फाइल मागितली. देण्याआधी 'सल्ला' नावाचा रकाना उडवला, त्या जागी 'डॉक्टरांना विचारायचे प्रश्न' केला. त्यांच्या घरी दोन जण रक्त पातळ करायच्या गोळीवर आहेत, माझ्या नियमांत त्याचा विचारच नाही. तसं पहिल्या ओळीखाली लिहून दिलं.

पुढचं रक्त ११ जानेवारीला, रविवारी. आईंची तक्रार आहे की चहाशिवाय रक्त येत नाही.

एक काम राहिलंय. आईंच्या चूर्णाच्या डब्यावर घटकांची नावं आहेत, प्रमाण नाही. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, "सगळं नैसर्गिक आहे." आई ते सोडायला तयार नाहीत आणि मी ते अंदाजाने भरायला तयार नाही. पाचव्या डब्यासमोरचा रकाना रिकामा आहे, आणि प्रोग्रॅम दर वेळी तिथे येऊन थांबतो.